सोसणे वेगळे, सावरणे वेगळे

दुखण्याच्या बाबतीत आपली मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. दाताला ठणका लागतो, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, मान वळवताना चमक निघते, गळू ठसठसते, पायाला मुंग्या येतात आणि ताप भरायच्या आधी सगळे अंग मोडून येते. जुन्या बायका हे शब्द एकमेकांच्या जागी कधी वापरीत नसत. ठणका नाडीच्या ठोक्यासारखा चालतो, कळ थांबून थांबून येते, शीर दबली असेल तर आग होते नाहीतर झिणझिण्या येतात. नीट ऐकणाऱ्या डॉक्टरच्या हाती या शब्दांतच अर्धे निदान लागते. रोनाल्ड मेलझॅक या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली इंग्रजीतील असे ७८ शब्द गटवार लावून रुग्णांसाठी एक प्रश्नावली तयार केली. आमच्याकडच्या आज्यांना कुणी विचारले असते तर त्यांनी ती ओसरीवर बसून करून दिली असती.

एवढ्या या भाषेत, वर्षानुवर्षे न थांबणाऱ्या दुखण्यासाठी मात्र धड शब्द नाही. 'जुनाट दुखणे' असे आपण म्हणतो. त्या 'जुनाट'मध्ये कंटाळा आहे, आणि तो दुखणे भोगणाऱ्याचा नसून ऐकणाऱ्याचा आहे.

मी एका तालुक्याच्या गावी तीस वर्षे दवाखाना चालवीत आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते, आणि अशी माणसे माझ्याकडे रोज येतात. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी असते. तिच्यात एक्स-रे, एमआरआय, रक्ताचे अहवाल आणि चार-पाच डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात. मी ते सारे पाहतो आणि बहुतेक वेळा सांगतो, "काळजीचे काही दिसत नाही." खरे म्हणजे ही आनंदाची बातमी. पण त्या क्षणी समोरच्या बाईचा चेहरा पडतो, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याचा किंवा मुलाचा चेहरा उजळतो. 'काळजीचे काही दिसत नाही' याचा अर्थ त्याने 'काहीच नाही' असा घेतलेला असतो. बाईला ठाऊक असते की घरी गेल्यावर आता तिच्या बाजूने बोलणारा कागद उरलेला नाही.

अहवालात न दिसणारी वेदना खोटी असते, ही समजूत शास्त्राने केव्हाच मोडीत काढली आहे. घराघरांतून ती अजून निघाली नाही, एवढेच. हेन्री बीचर हा अमेरिकन भूलतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इटलीतील अँझिओच्या आघाडीवर जखमी सैनिकांवर उपचार करीत होता. भयंकर जखमा झालेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश सैनिकांना वेदनाशामक औषध नको होते. जखम म्हणजे घरी परतण्याचा परवाना, असा तिचा अर्थ त्यांना लागला असावा, असे बीचरने लिहून ठेवले. उलट, हात कापलेला माणूस नसलेल्या हाताची बोटे वळल्यासारखी दुखतात म्हणून रात्र रात्र जागतो. त्याच्या कुठल्या बोटांचा एक्स-रे काढणार? जखम आणि वेदना यांचा हिशेब असा सरळ जुळत नाही. तो का जुळत नाही, याचे पहिले पटण्यासारखे उत्तर याच मेलझॅकने पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञासह १९६५ साली दिले. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत एक प्रकारचे दार आहे, असे त्यांनी मांडले. शरीराकडून वर जाणाऱ्या संदेशांना ते दार अडवते किंवा वाट देते, आणि ते किती उघडावे यात मेंदूचाही हात असतो. भीती, थकवा, झोपमोड, एकटेपणा यांनी दार सताड उघडते; गप्पा, कामात लागलेले मन, पाठीवरून फिरणारा मायेचा हात यांनी ते थोडे लोटले जाते. या सिद्धांतात नंतर बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला. वेदना वर्षानुवर्षे राहिली की ही यंत्रणाच हळवी होते, आणि चोर केव्हाच निघून गेला तरी राखणीचे कुत्रे भुंकत राहावे तसे होते. मूळची इजा भरून आलेली असते. भुंकणे खरे असते, आणि झोपही खरीच मोडते.

वेदनेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ साली जॉन बोनिका या भूलतज्ज्ञाच्या पुढाकाराने उभी राहिली. हा गृहस्थ वैद्यकीचे शिक्षण घेताना पैशासाठी व्यावसायिक कुस्त्या खेळत असे, आणि त्या कुस्त्यांतील दुखापतींनी त्याला जन्मभर छळले. तेव्हा हा विषय त्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही. या संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. त्या व्याख्येसोबतच्या टिपांत एक साधे वाक्य आहे, की माणूस आपल्याला वेदना होते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची जी नवी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात दीर्घकालीन वेदनेला स्वतःची जागा मिळाली आहे.

शब्दावर विश्वास बसला की काय फरक पडतो, ते मी २००६ साली पाहिले. त्या वर्षी महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. ताप चार दिवसांत उतरे, पण सांधे महिनोनमहिने धरलेले राहत. धट्टीकट्टी माणसे सकाळी भिंतीला धरून उठत, बादलीची कडी मुठीत मावत नसे. यांतल्या अनेकांच्या तपासण्यांत म्हणावे असे काही सापडत नव्हते. तरीही त्या वर्षी कुणी कुणाला 'ढोंगी' म्हणाले नाही, कारण आळीत प्रत्येक घरी कुणी ना कुणी तसेच लंगडत होते. बायका एकमेकींना हसत हसत विचारीत, "आज कुठला सांधा?" साथ ओसरली, बहुतेक लोक बरे झाले. ज्या थोड्यांचे दुखणे पुढे वर्ष-दोन वर्षे चालले, त्यांचे हाल खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाले. दुखणे तेच होते, पण आता ते एकट्याचे झाले होते.

एकटा पडलेला माणूस मग काय करतो? आपल्याकडे त्याला एकच वाट शिकवलेली आहे, सोसण्याची. "फार सोशीक हो तुमची सून!" हे आपल्या समाजातील मोठे प्रशस्तिपत्रक. ते मिळविणाऱ्या बाईचे काय होते, ते पाहण्यासारखे असते. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी ती आठवड्याचे तुंबलेले काम उरकून घेते. दिवाळीच्या तोंडावर एकाच दिवशी चकल्या, करंज्या, लाडू आणि वर माळ्यावरची भांडीही काढते. दुखले तरी तोंडातून शब्द काढत नाही. मग पुढचे चार दिवस अंथरुणात. त्या चार दिवसांत घरचे म्हणतात, "परवा तर एवढे काम केलेस!" ते ऐकून पुढच्या बऱ्या दिवशी ती आणखी जोर लावते. असे वर्षभर चालले की बरे दिवस कमी होत जातात, स्नायू दुबळे होतात, आणि सोशीकपणाचे प्रशस्तिपत्रक तेवढे भिंतीवर राहते.

सावरणे ही याहून निराळी गोष्ट आहे, आणि ती शिकता येते. बोनिकाच्याच शहरात, सिअ‍ॅटलमध्ये, विल्बर्ट फोर्डाइस नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. १९७६ साली त्याचे या विषयावरचे पुस्तक आले. काम किती करायचे हे दुखण्याला ठरवू द्यायचे नाही, आधीच ठरवून टाकायचे, असे त्याच्या पद्धतीचे थोडक्यात सांगता येईल. मी माझ्या रुग्णांना ते भाकरीच्या भाषेत सांगतो. दहा भाकऱ्या करायच्या आहेत ना? मग चार झाल्या की गॅस बंद करून दहा मिनिटे पाठ टेकायची. दुखत असो वा नसो, चारच. दुखत नसताना उठणे हे यातले सर्वात अवघड, कारण आपल्याला वाटते, आत्ता बरे आहे तोवर उरकून घ्यावे. पण दुखले म्हणून थांबायचे, असा रिवाज एकदा पडला की प्रत्येक थांबणे ही हार वाटते. घड्याळाप्रमाणे थांबले की त्यात हार नाही. दोन आठवडे चार भाकऱ्या नीट जमल्या की पाच करायच्या. ऐकायला हे फारच किरकोळ वाटते. अनेक जण हसतात आणि पुन्हा येत नाहीत. जे टिकतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे जगणे सहा महिन्यांत हळूहळू रुळावर येताना मी पाहिले आहे. पूर्ण दुखणे थांबलेले मात्र फार थोड्यांचे.

अपघातातून आलेल्या वेदनेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची असते. मोटारसायकलवरून पडलेला एखादा तरुण घ्या. हाड जुळून वर्ष होते, पण पाय दुखायचा थांबत नाही. त्याला विचारले तर तो पायाबद्दल सांगतो. रात्री डोळे मिटले की ट्रकचे दिवे दिसतात हे सांगत नाही, कारण ते अस्थितज्ज्ञाला सांगायचे असते हे त्याला ठाऊक नसते. आघातानंतर मागे राहणाऱ्या या मानसिक विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या ग्रंथात नाव दिले. वेदना आणि ही आठवण एकमेकींना जिवंत ठेवतात, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. पायात कळ आली की तो रस्ता आठवतो. रस्ता आठवला की सगळे अंग आखडते. अंग आखडले की कळ वाढते. मग पाय टेकण्याचीच भीती बसते आणि न वापरल्याने तो आणखी निकामी होतो. भरीला चीड असते, की चूक दुसऱ्याची आणि भोगतो मी. भरपाईचा दावा चालू असेल तर त्याला प्रत्येक तारखेला आपले दुखणे सिद्ध करावे लागते. बरे व्हायचे आणि आजारी असल्याचे पटवायचे, ही दोन कामे एका माणसाने एकाच वेळी कशी करावी? अशा रुग्णाला व्यायाम शिकवणारा लागतो, तसाच त्या रात्रीबद्दल बोलू देणारा कुणीतरी लागतो. मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढले की घरचे चपापतात. पायाचे दुखणे खरे नाही असे डॉक्टर सुचवीत आहेत, असे त्यांना वाटते. पाय आणि ट्रकचे दिवे, दोन्ही खरेच असतात.

असाच घोळ औषधांच्या बाबतीत होतो. नसांच्या वेदनेवर आणि काही डोकेदुख्यांवर ॲमिट्रिप्टिलिनसारखी गोळी अगदी कमी मात्रेत दिली जाते. घरचा मुलगा मोबाइलवर नाव शोधतो, तिथे 'नैराश्यावरील औषध' असे दिसते, आणि आई दुसऱ्या दिवशी गोळ्यांची पट्टी माझ्या टेबलावर आणून आपटते, "मला वेडी ठरवलेत का?" ती गोळी वेदनेच्या त्या दाराशीही काम करते, हे देतानाच सांगायला पाच मिनिटे पुरतात. उलट, ज्यांना कुणी नावे ठेवीत नाही अशा साध्या वेदनाशामक गोळ्या लोक औषधाच्या दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे खातात. पोट आणि मूत्रपिंडे त्याचा हिशेब नंतर मागतात. आणि पायांतली शक्ती एकाएकी गेली, लघवीवरचा ताबा सुटला, दुखण्याबरोबर ताप किंवा वजनातील घट सुरू झाली, तर हा सगळा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

वेदना आणि जगणे यांचा विचार करताना मला नेहमी आनंदवन आठवते. कुष्ठरोगात नसा मरतात आणि हातापायांची संवेदना जाते. डॉ. पॉल ब्रँड हे १९१४ साली तामिळनाडूच्या डोंगराळ भागात जन्मलेले इंग्रज शल्यविशारद वेल्लोरला काम करीत असताना त्यांच्या ध्यानात आले, की रुग्णांची बोटे झडतात ती रोगाने सडून नव्हे. दुखतच नाही म्हणून ती चुलीत भाजतात, कुलूप उघडताना कापतात, जखम चिघळली तरी कुणी लक्ष देत नाही. पुढे त्यांनी अमेरिकेत अशा हातांसाठी कृत्रिम वेदनेची यंत्रणा बनवून पाहिली. धोका आला की कानात आवाज होई. रुग्ण त्या आवाजाकडे दुर्लक्ष करीत. विजेचा झटका दिला तर लोक काम उरकेपर्यंत यंत्रच बंद करीत. शेवटी त्यांनी तो नाद सोडला. ज्यांना दुखतच नाही अशा माणसांसाठी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमट्यांच्या वाट्याला मात्र पाठीच्या कण्याचे न थांबणारे दुखणे आले. त्यांचा जन्मही १९१४चाच. उत्तरायुष्यात त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाहीतर आडवे पडायचे. तशा अवस्थेत डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' यात्रा निघाली. तरुण मुलेमुली सायकलवर होती, आणि सत्तरी ओलांडलेले बाबा खास सोय केलेल्या गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर होते. १९८८ साली ते पुन्हा निघाले, या खेपेस इटानगरहून ओख्यापर्यंत.

ही हकिकत सांगताना मला एक भीती वाटते. उद्या कुणीतरी आपल्या कण्हणाऱ्या बायकोला म्हणेल, "बाबा आमट्यांकडे बघ!" कृपा करून असे म्हणू नका. थोरांची उदाहरणे आजारी माणसाच्या अंगावर फेकणे हा आपल्याकडचा एक निर्दय छंद आहे. त्यांच्यासारखी जिद्द सगळ्यांना कुठून येणार? माझी नजर त्यांच्या जिद्दीपेक्षा त्या गाडीतल्या बिछान्यावर जाते. बसता येत नाही हे त्यांनी आणि भोवतालच्या माणसांनी मान्य केले, लपविले नाही, आणि गाडीतच आडवे पडायची सोय करून घेतली. घरात असा बिछाना कुठे घालता येईल, याचा विचार कुणालाही करता येतो. ओट्याशी एक उंच स्टूल, देवपूजेला पाटाऐवजी खुर्ची, लग्नाला जाऊन तासाभरात परत येण्याची मुभा, असे ते बिछाने असतात. गंमत अशी, की स्टूल आणायला कुणाचा विरोध नसतो; त्यावर बसून पोळ्या लाटायला त्या बाईलाच लाज वाटते.

मान्य करणे म्हणजे हात टेकणे, असे पुष्कळांना वाटते. इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचे सत्यनारायण गोएंका हे मूळचे ब्रह्मदेशातले उद्योजक. अर्धशिशीने ते इतके हैराण झाले होते, की त्यांना मॉर्फिन द्यावे लागे. परदेशातील डॉक्टरही करून थकले. १९५५ साली ते उ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा डोकेदुखी घालविण्यासाठी येणार असाल तर येऊ नका, असे या गुरूने त्यांना ऐकविले. गोएंका १९६९ साली भारतात आले, १९७६ साली इगतपुरीचे केंद्र उभे राहू लागले. इकडे १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध ध्यानपरंपरेचाच आधार घेऊन, डॉक्टरांनी जवळजवळ आशा सोडलेल्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. सगळ्यांनी दहा दिवस मौन धरून बसावे असे माझे म्हणणे नाही. आघात ताजा असेल किंवा मन फार खचलेले असेल तर ते डॉक्टरला विचारल्याशिवाय करूही नये. पण यातील एक गोष्ट घरीही जमते. 'कंबर दुखते आहे' हे एक, आणि 'आता हे असेच चालणार, मी सगळ्यांना ओझे झाले' हे दुसरे. ही दोन्ही वाक्ये मनात एकदमच उमटतात. ती सुटी करून पाहायला शिकले, की दुखणे तेवढेच राहते आणि त्यावरचा भार उतरतो. 'बरे वाटले की करू' म्हणून वर्षानुवर्षे पुढे ढकललेली कामे माणूस मग दुखऱ्या कमरेनिशीच हाती घेतो.

घरच्यांसाठी दोन शब्द. विश्वास न ठेवणारे घर वाईट, तसेच पाण्याचा पेलाही हातात आणून देणारे घरही फारसे बरे नाही. दोन्हीकडे माणूस घराच्या कारभारातून वजा होतो. सकाळी उठल्या उठल्या "आज दुखते का?" असे विचारले तर दुखण्याकडेच लक्ष जाते. त्यापेक्षा "आज काय काय करायचे ठरवले आहे?" असे विचारावे. एरंडेल, तांब्याचे कडे आणि अमक्या गावचा हाडवैद्य हे सल्ले मागितल्याशिवाय देऊ नयेत. ते सगळे करून झालेले असते.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंना अकरा वर्षे सर्वांगाचे दुखणे आहे. माहेरची वारीची परंपरा, आणि दुखणे लागल्यापासून वारी सुटलेली. दोन वर्षे त्यांनी घड्याळ लावून चालण्याची सवय केली, आधी पाच मिनिटे, मग सात. गेल्या आषाढी वारीत त्या दिंडीबरोबर सासवड ते जेजुरी एवढा एकच टप्पा गेल्या. अर्धा तास चालायचे आणि मग दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये गाद्यांच्या वळकट्यांवर आडवे व्हायचे, असे त्यांनी दिंडीच्या चालकांना आधीच सांगून ठेवले होते. कुणी काही बोलले नाही. उलट ट्रकमध्ये त्यांना आणखी दोघी सोबतिणी मिळाल्या. त्या रात्री पाय खूप दुखले, असे त्यांनी मला सांगितले. पुढच्या वर्षी जेजुरी ते वाल्हे करायचे आहे, तेव्हा रात्रीसाठी काय औषध जवळ ठेवू, हे विचारायला त्या आल्या होत्या.